खाऱ्या पाण्यावर दाबलेल्या रस्त्याला फोड का येतात, आणि दुरुस्तीनंतरही पुन्हा का येतात

रस्ता नवा असतो. भराव, सबग्रेड (भरावाचा वरचा, दाबलेल्या मातीचा थर), जीएसबी (त्यावरचा निचऱ्याचा थर), डब्ल्यूएमएम (पाणी घालून दाबलेल्या खडीचा थर) हे सगळे थर तपासणीत पास झालेले असतात. प्राईम कोट (खडीवरचा डांबराचा पहिला पातळ लेप) मारून आठवडा-पंधरवडा होतो न होतो, तोच काळ्या पृष्ठावर राखाडी-पांढरट चट्टे उमटायला लागतात. बुटाच्या टोकाने घासले की प्राईमचा पापुद्रा सुटतो आणि खाली घट्ट दाबलेल्या खडीऐवजी भुसभुशीत भुकटी दिसते. वर २० मिमीचा कारपेट (पातळ डांबरी थर) आणि सीलकोट झाला असेल तर जागोजागी छोटे उंचवटे येतात. काही नखाएवढे असतात, काही बशीएवढे. उंचवट्याच्या माथ्यावर चारी दिशांनी बारीक तडा गेलेला असतो. पुढच्या महिन्यात तो माथा उडतो आणि तिथे खड्डा सुरू होतो.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि खाली गोव्यात, खाडीकाठच्या रस्त्यांवर ही तक्रार मार्च ते मे या हंगामातल्या कामांवर सर्रास ऐकू येते. कारणही तिथलेच असते. या महिन्यांत विहिरी तळाला जातात, नाले कोरडे पडतात, गावाच्या पिण्याच्या पाण्याला हात लावता येत नाही, आणि टँकर खाडीवर जातो. मातीला पाणी लागते ते दबाईपुरते, मग ते गोडे काय नि खारे काय, असे साइटवर सगळेच म्हणतात. दबाईपुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे फारसे चूक नाही. म्हणूनच हा दोष पकडायला अवघड जातो.

दबाईचा आकडा तुम्हाला काहीच सांगणार नाही

फोड आले की पहिली चौकशी डांबराची होते. ग्रेड बरोबर होता का, तापमान किती होते, प्राईम कमी मारला का. दुसरी चौकशी दबाईची होते आणि सँड रिप्लेसमेंटची (खड्ड्यात वाळू भरून घनता मोजण्याची) चाचणी पुन्हा घेतली जाते. घनता ९७-९८ टक्के येते, आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

घनता चांगली येणारच. मिठाच्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांच्या जवळ येऊन गुठळी धरतात, लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीचा चिकणेपणा सांगणारे आकडे) थोडे उतरतात, लागणारे पाणी किंचित कमी होते आणि कमाल घनता किंचित वाढते. शिवाय खारे पाणी सावकाश उडते, त्यामुळे रोलर फिरेपर्यंत माती ओली राहते. काही देशांत कॅल्शियम क्लोराईड मुद्दाम मिसळून दबाई करतात ती याच गुणांसाठी. रोलरवाल्याला हे पाणी आवडते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे बरोबरच आहे.

मोजमापात मात्र एक छोटी गफलत होते. ओव्हनमध्ये नमुना वाळवला की पाणी उडते, पण मीठ वजनात राहते. समजा १०० किलो कोरड्या मातीत १० किलो समुद्राचे पाणी घातले. त्यात खरे पाणी ९.६५ किलो आणि मीठ ३५० ग्रॅम असते. ओव्हन ओलावा ९.६ टक्के दाखवेल. हा फरक सोसण्यासारखा आहे. पण मिठागराच्या शेवटच्या कोंडीतले पाणी आणले असेल, जिथे मीठ पडायच्या बेतात असते आणि पाण्यात वजनाने २६ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकते, तर त्याच १० किलोत खरे पाणी फक्त ७.४ किलो भरते. ओव्हन ७.२ टक्के म्हणेल, तपासणारा माती कोरडी आहे असे समजून आणखी पाणी मारायला सांगेल, आणि रोलरखाली माती उशीसारखी हलायला लागेल. उरण, पेण, वसई पट्ट्यात साइट मिठागराला लागून असेल तर हे आधी तपासा. प्रयोगशाळेतली प्रॉक्टर चाचणी (कमाल घनता आणि तिला लागणारे पाणी ठरवणारी) नळाच्या पाण्यावर आणि साइटवरची दबाई खाडीच्या पाण्यावर असेही करू नका. ज्या पाण्यावर काम होणार त्याच पाण्यावर चाचणी घ्या.

मीठ जाते कुठे

पाणी उडते आणि मीठ उरते, एवढ्या एका गोष्टीत सगळा दोष आहे. पण किती मीठ उरते याचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक साधे मीठ. मे महिन्यात नदीचा प्रवाह थांबलेला असतो, तेव्हा खाडीच्या मुखाजवळचे पाणी जवळपास तेवढेच खारट असते. आता १५० मिमी जाडीचा डब्ल्यूएमएमचा थर घ्या. एका चौरस मीटरमध्ये साधारण ३३० किलो खडी बसते. त्याला ६ टक्के पाणी म्हणजे सुमारे २० लिटर. वीस लिटरमध्ये ७०० ग्रॅम मीठ. याच चौरस मीटरवर आपण प्राईमचे इमल्शन (पाण्यात कालवलेले डांबर) मारतो ते साधारण पाऊण ते एक किलो. म्हणजे वरच्या इमल्शनच्या तोलाचे मीठ आपणच त्याच्या खाली पेरून ठेवलेले असते. पावणेचार मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला हा हिशेब अडीच टनांच्या वर जातो.

पूर्ण थरात पसरलेले असताना हे मीठ ०.२ टक्क्यांच्या आसपास भरते आणि त्रास देत नाही. पण ते तिथे थांबत नाही. ऊन लागले की पाणी वरच्या पृष्ठातून उडते, खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते, आणि येताना मीठ घेऊन येते. त्या ७०० ग्रॅमपैकी फक्त पाचवा हिस्सा वरच्या १० मिमीत जमला तरी तिथले प्रमाण ०.६ टक्क्यांवर जाते. मिठाचे स्फटिक प्राईमच्या लगेच खाली वाढायला लागतात आणि वाढताना पातळ थराला वर ढकलतात. खडीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात. भुकटी होते ती अशी.

याहून वाईट गोष्ट म्हणजे रोजचे शिंपण. धूळ उडू नये म्हणून, थर कोरडा पडू नये म्हणून, प्राईमच्या आधी पृष्ठ ओलसर करायचे म्हणून टँकर फिरत असतो. एका फेरीत चौरस मीटरला २ लिटर पाणी पडले तर ७० ग्रॅम मीठ पडले, तेही थेट माथ्यावर. अशा दहा फेऱ्या झाल्या की पूर्ण थरात मिसळलेल्या मिठाइतकेच मीठ नुसत्या पृष्ठावर साचते. हे मीठ खालून वर यायची वाट पाहत नाही, ते आधीच योग्य जागी बसलेले असते. दबाईला गोडे पाणी वापरून शिंपणाला खाडीचे वापरणारे लोक आहेत. काटकसर करायचीच असेल तर त्यांनी नेमके उलटे करायला हवे होते.

दिवाळीनंतर पुन्हा

हा दोष पावसाळ्यात नाहीसा होतो. पाणी कडांतून आणि तडांतून मुरते, स्फटिक विरघळतात, मीठ खाली उतरते, उंचवटे वाहनांखाली दबून बसतात. ठेकेदार म्हणतो, बघा, आपोआप बसले. ऑक्टोबर संपतो, जमीन वाळायला लागते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तेच उंचवटे त्याच जागी.

साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून विरघळते आणि खाली आली की पुन्हा स्फटिक धरते. किनाऱ्यावर हिवाळ्यात ही रेघ जवळजवळ रोज ओलांडली जाते. रात्री दव आणि दमटपणा, दिवसा कोरडेपणा. पहाटेचे मतलई वारे कोरडे असले तर सकाळीच पांढरे फुलते, दुपारी खारे वारे लागले की पुन्हा ओलसर होते. एकेका आवर्तनात स्फटिक थोडे विरघळतात, थोडे सरकतात, आणि पुन्हा वाढतात. एकदाच वाढून थांबले असते तर एवढे नुकसान झाले नसते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि ते अगदी कमी आर्द्रतेतही पाणी धरून ठेवते. म्हणून प्राईम केलेल्या रस्त्यावर पहाटे काळे ओले डाग दिसतात आणि नऊ-दहापर्यंत तिथेच पांढरट कडा उमटतात. अशी खूण दिसली की डांबराची चौकशी थांबवायला हरकत नाही.

पुन्हा येण्याचे दुसरे कारण निसर्गाचे नाही, आपले आहे. फोड आलेला भाग खरवडतात, नवी खडी टाकतात, आणि तिच्यावर पुन्हा त्याच टँकरचे पाणी मारून दाबतात. जुने मीठ खाली असते, नवे वर पडते. असा पॅच मूळ रस्त्याच्याही आधी फुगतो. दुरुस्ती दोन-दोन वेळा फसल्याचे जिथे ऐकू येते, तिथे मी सर्वांत आधी दुरुस्तीचे पाणी कुठून आणले ते विचारतो.

खात्री करून घेताना

पहिली तपासणी चालत करायची. फोड चाकोरीत आहेत की चाकोरीच्या बाहेर ते पाहा. खालचा थर कच्चा असेल किंवा गाड्या जास्त वजनाच्या असतील तर रस्ता चाकोरीत बसतो. मिठाचा दोष उलटा वागतो. जिथे चाके फिरतात तिथे डांबर मळले जाऊन पुन्हा दाबले जाते, म्हणून चाकोरी स्वच्छ राहते आणि कडेला, मधोमध आणि साईडपट्टीलगत फोड येतात. वाहतूक सुरू न झालेला नवा रस्ता, रस्त्याकडेचा पार्किंगचा पट्टा, हेलिपॅड, धावपट्टीच्या कडा या जागा सगळ्यांत जास्त बळी पडतात. दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या कोरड्या भागातल्या रस्त्यांवर आणि धावपट्ट्यांवर याचा बराच अभ्यास झाला आहे. बोत्स्वानाच्या रस्ते विभागाने २००१ साली केवळ या विषयावर मार्गदर्शिका काढली. तिथे बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट असते, आपल्याकडे दर वर्षी अडीच-तीन हजार मिमी पाऊस रस्ता धुऊन काढतो. तरीही कोरड्या सात-आठ महिन्यांत खाली चालते ते तेच.

दुसरे, एक फोड छिन्नीने अलगद कापून उघडा. उन्हात वाफेने आलेल्या फोडाखाली ओलसर पण स्वच्छ पृष्ठ मिळते. धुळीवर डांबर मारल्यामुळे सुटलेल्या थराखाली मातकट, सपाट धूळ असते. मिठाच्या फोडाखाली पांढरी चमकदार पूड किंवा सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि खालची खडी वर उचललेली असते. बरेच जण बोटाने चाखून बघतात. तसे करू नका, रस्त्यावर डिझेलपासून जनावरांच्या मुतापर्यंत काहीही असते. ती पूड डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, गाळा, त्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका बसला तर क्लोराईड आहे. तुलनेसाठी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचीही चाचणी शेजारी ठेवा, आणि हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

तिसरी तपासणी आकड्याची, आणि तिला महागडे काही लागत नाही. घरगुती आरओ यंत्राचे पाणी तपासायला मिळते तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पुरतो. वरचे २५ मिमी, मग २५ ते ७५, मग ७५ ते १५०, आणि शेवटी सबग्रेडमधून ३०० मिमी खाली, असे वेगवेगळे नमुने पिशव्यांत भरा. बारीक माल चाळून घ्या, ५० ग्रॅम वाळलेल्या नमुन्यात २५० मिली डिस्टिल्ड पाणी घाला, चांगले हलवून अर्धा-एक तास निवळू द्या आणि मीटर बुडवा. मीटरवर ४०० आले तर नमुन्यात क्षार ०.२ टक्के आहेत, कारण आकडा पाचने गुणायचा आणि दशलक्ष भागांत तेवढे भाग असे धरायचे. चाळलेल्या बारीक मालात हा आकडा पूर्ण थराच्या सरासरीपेक्षा जास्तच येणार, पण नुकसानही त्या बारीक मालातच होते. वरच्या ५० मिमीसाठी मी ०.२ टक्क्यांवर सावध होतो. पातळ कारपेट घालायचा असेल तर त्याच्या पुढे जात नाही.

हे आकडे खोलीप्रमाणे ओळीत लिहिले की मीठ कुठून आले ते कळते. वरच्या २५ मिमीत खूप, त्याखाली झपाट्याने कमी, आणि सबग्रेडमध्ये जवळपास नाही, तर ते वरच्या थराच्या पाण्याबरोबर आले आहे. हे मीठ मोजके आहे, काढले की संपते. वर खूप आणि खालीही ओल नि खार दोन्ही, आणि रस्ता खाजणाच्या (भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीच्या) काठाने बुटक्या भरावावर गेलेला, तर मीठ जमिनीतून सतत येते आहे. पहिल्यात दुरुस्ती वरून होते. दुसऱ्यात वरून केलेले काहीही टिकत नाही. खालून चढणारे पाणी तोडणारा जाड वाळूचा किंवा खडीचा थर, किंवा भरावाची उंची वाढवणे, याशिवाय इलाज नाही. क्षारयुक्त आणि पाणथळ जागेतल्या रस्त्यांसाठी आयआरसी:३४ हे भारतीय रस्ते काँग्रेसचे मार्गदर्शक पुस्तक आहे, त्यात केशाकर्षण तोडण्याच्या या थरांविषयी सविस्तर आहे. अंदाजपत्रक करायच्या आधीच ते वाचायला हवे.

आलेला दोष निस्तरताना

नुसता प्राईम झालेला असताना चट्टे दिसले तर पुन्हा प्राईम मारू नका. मीठ आणि सुटलेल्या भुकटीवर मारलेला दुसरा थर पहिल्यासारखाच सुटतो. आधी यांत्रिक झाडूने सगळी भुकटी काढा. ती साईडपट्टीवर लोटू नका, भरून बाहेर न्या. पहिल्या पावसात ती शेजारच्या भाताच्या खाचरात जाते, आणि ज्याने बांध घालून, खार उतरवून ती जमीन पिकाऊ केली त्याच्या मेहनतीवर आपण मीठ ओततो. झाडल्यावर वरच्या २५ मिमीची पुन्हा चाचणी घ्या. ०.२ टक्क्यांच्या आत असेल तर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा देऊन रोलर फिरवा, इमल्शनचा प्राईम मारा आणि डांबरी थर लगोलग घाला. प्राईम झाल्यावर रस्ता महिनाभर उघडा ठेवणे म्हणजे मिठाला वर यायला वेळ देणे. प्राईम आणि वरचा थर यांत जितके कमी दिवस जातील तितके चांगले. केरोसीन मिसळलेल्या कटबॅक प्राईमपेक्षा इमल्शनचा प्राईम अशा जागी अधिक टिकतो.

आकडा ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर वरचे ३०-५० मिमी खरवडून बाहेर काढणे आणि गोड्या पाण्यावरची नवी खडी भरणे हा सरळ मार्ग. भरपूर गोडे पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढावे असे काही जण सुचवतात. पाणी थरातून पूर्ण निघून जायला वाट असेल तर त्याचा उपयोग होतो, नसेल तर मीठ फक्त हातभर खाली जाते आणि सुकताना परत येते. निचऱ्याचा जीएसबी कडेपर्यंत उघडा आहे का, हे पाहिल्याशिवाय हा प्रयोग करू नका. खाली बंद पेटी असेल तर आपण नुसतीच ओल वाढवतो.

कारपेट झाल्यावर फोड आले असतील आणि ते लहान, न फुटलेले असतील, तर दुपारच्या उन्हात डांबर मऊ असताना रबरी टायरचा रोलर फिरवा. त्याने उंचवटे पुन्हा चिकटतात. कडेला बॅरिकेड लावून वाहतूक आलटून-पालटून कडेवरून आणि मधून सोडली तर चाकेच हे काम करतात. हा तात्पुरता उपाय आहे, पण पुढचा थर पडेपर्यंतचे महिने त्याने मिळतात. फुटलेले फोड चौकोनी कापून, खालची पांढरी भुकटी घट्ट खडी लागेपर्यंत काढून, टॅक कोट (नवा थर चिकटवणारा डांबराचा लेप) मारून भरा. आणि निधी मिळेल तसा वर जाड, घट्ट डांबरी थर घाला. २० मिमीचा उघड्या प्रतीचा कारपेट हवा आणि वाफ आरपार जाऊ देतो, म्हणून तो या दोषाला सर्वांत आधी बळी पडतो. ५० मिमी बीएमवर (डांबर मिसळलेल्या खडीच्या थरावर) २५-३० मिमी घट्ट थर असेल तर खालचे पाणी वर येऊन उडायची वाटच अरुंद होते, आणि वजनामुळे स्फटिकाला ढकलणेही जड जाते. ग्रामीण रस्त्यांचा खर्च पाहता हे सगळीकडे शक्य नाही. त्यासाठीच पाण्याकडे आधी लक्ष द्यायचे.

पाणी निवडताना

खारे पाणी रस्त्याच्या कामात अजिबात चालत नाही असे मी म्हणणार नाही. उंच भरावाच्या तळाच्या थरांत, सबग्रेडच्या बऱ्याच खाली, जिथून पृष्ठापर्यंत मीठ चढण्याच्या आधी मध्ये निचऱ्याचा थर येतो, तिथे मचूळ पाणी वापरता येते. त्यातही माती चिकणी काळी नसावी, आणि त्या भरावात मोरी, ह्यूम पाईप, पुलाचे पंख किंवा लोखंडी पट्ट्या नसाव्यात. काँक्रीटपासून ५०० मिमीच्या आतल्या भरावासाठी रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये विरघळणाऱ्या सल्फेटची मर्यादा लिटरमागे १.९ ग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात नुसते सल्फेटच लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर असते. मोरीच्या पाठीमागे भराव दाबताना खाडीचा टँकर लावणे म्हणजे मोरीचे आयुष्य कमी करणे. आणि काँक्रीटच्या पाण्याचा प्रश्नच नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटला क्लोराईड लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंतच चालते, समुद्राच्या पाण्यात ते १९,००० असते. दोन्ही कामांना एकच टँकर फिरत असेल तर तो आत धुतला जातो का, हे प्रत्यक्ष बघा.

सबग्रेडचे वरचे ५०० मिमी, जीएसबी, डब्ल्यूएमएम आणि सगळे शिंपण यांना मात्र गोडेच पाणी. सिमेंट किंवा चुना मिसळून स्थिरीकरण करत असाल तर सल्फेटमुळे थर नंतर फुगू शकतो, तिथेही तडजोड नाही.

गोडे पाणी मिळवायचे कसे, हा प्रश्न खराच आहे. माझ्या मते त्याचे उत्तर वेळापत्रकात आहे. मातीकाम आणि खडीकाम ऑक्टोबर ते जानेवारीत उरकले तर नाल्यांना पाणी असते, वनराई बंधारे घातले तर ते आणखी पुढे पुरते, आणि मार्चनंतर फक्त डांबर उरते, ज्याला पाणी फारसे लागत नाही. निविदा उशिरा निघतात म्हणून हे बिघडते. ते आपल्या हातात नसेल तर अंदाजपत्रकात पाण्याची लीड (आणण्याचे अंतर) खरी धरा. वीस किलोमीटरवरून गोडे पाणी आणायला लागणार हे ठाऊक असताना कागदावर जवळची विहीर दाखवली, की ठेकेदाराला खाडीकडे आपणच पाठवलेले असते. जवळ नगरपालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथले प्रक्रिया केलेले पाणी दबाईला चांगले चालते, क्षार तपासून घेतले की झाले. बंद पडलेल्या दगडखाणींत साचलेले पाणीही बहुधा गोडे असते. मात्र किनाऱ्याजवळची खोल खाण मीटर लावल्याशिवाय मान्य करू नका.

खाडीचेच पाणी तळाच्या भरावाला घ्यायचे ठरले तर ओहोटीच्या अखेरीस, जितके वरच्या अंगाला जाता येईल तितके वर जाऊन भरा. एकाच जागी भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात चांगलाच फरक असतो. साधा मीटर बहुधा दहा हजाराच्या आसपास थांबतो, म्हणून एक भाग पाणी नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून मोजा आणि आकडा दहाने गुणा. प्रत्येक टँकरचा आकडा नोंदवहीत तारीख, वेळ आणि साखळीसह (रस्त्यावरच्या मीटरच्या खुणेसह) लिहा. पुढच्या वर्षी फोड आले तर कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत खोदायचे, हे त्या वहीवरून कळते.

खारपाणपट्ट्यातला वेगळा दोष

अकोला, अमरावती, बुलडाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यातून हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे खाडी नाही, पण बोअरचे पाणी खारे आणि माती काळी. तिथे फोडांपेक्षा भरावाच्या कडा आधी जातात. दबाई उत्तम झालेली, उन्हाळाभर भराव दगडासारखा, आणि पहिल्या दोन पावसांत बाजूच्या उतारावर खोल घळी, साईडपट्टीत आतून पोकळ झालेली भोके.

पाण्यातले सोडियम चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसते. जोवर भोवतालचे पाणी खारे आहे तोवर कण एकमेकांना धरून असतात. पावसाचे गोडे पाणी मीठ धुऊन नेते, कणांवरचे सोडियम मात्र राहते, आणि मग कण एकमेकांना दूर लोटतात, पाण्यात तरंगून वाहायला लागतात. खाऱ्या पाण्यावर घेतलेली चाचणी हे कधीच दाखवत नाही. याची परीक्षा साधी आहे. साइटवरच्या दाबलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा काचेच्या पेल्यातल्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता दहा मिनिटे थांबा. खडा सुटून तळाशी ढीग झाला, पण पाणी नितळ राहिले, तर माती फक्त ढासळते आहे. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरत गेला तर ती माती पावसात वाहणार. ही परीक्षा बोअरच्या पाण्यात घेऊ नका, त्यात ढग दिसणारच नाही.

ढग दिसला तर बाहेरच्या बाजूला किमान हात-दीड हात जाडीचे चांगल्या मुरमाचे आवरण द्या आणि ते गोड्या पाण्यावर दाबा. उतारावर गवत लावायचे तर आवरणावरच लावा, आतल्या मातीत ते धरत नाही. आवरणाला मुरूम मिळत नसेल तर बाहेरच्या थरात चुना मिसळून दाबता येते. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. चुन्याचे प्रमाण त्याच मातीवर प्रयोगशाळेत ठरवा, आणि मातीत सल्फेट किती आहे ते त्याआधी पाहा. रस्त्यावरचे पाणी साईडपट्टीवरून कुठूनही ओघळू देऊ नका. ठरावीक अंतरावर दगडी चुट (उतारावरची पन्हळ) करून खाली उतरवा. घळ पडलेल्या भरावात नुसती माती ओढून वरून रोलर फिरवला तर पुढच्या पावसात ती त्याच वाटेने जाते. घळ पायऱ्या पाडून पूर्ण उघडायची, आतली भोके दिसेपर्यंत खणायची, आणि तळापासून थर देत वर यायचे.